टाकीतल्या वाफेची वाट

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पेट्रोलमधले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत काय चालत असेल, ते यावरून समजावं. पूर्वी ही वाफ झाकणाच्या बारीक भोकातून सरळ हवेत जाई. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या दुचाक्याच विकायच्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. या मानकाने टाकीतल्या वाफेलाही वेसण घातली. २०२० मध्ये बीएस-६ बरोबर कार्बोरेटरऐवजी इंधनाचं इंजेक्शन आलं. त्यामुळे मधल्या तीन वर्षांतल्या, सोलापूरच्या एमएच-१३ पाटीच्या बहुतेक दुचाक्या कार्बोरेटरवाल्या, पण कॅनिस्टर असलेल्या.

कॅनिस्टर म्हणजे काळा प्लास्टिकचा डबा. आत पाणी शुद्धीकरणाच्या यंत्रात असतो तसा सक्रिय कोळसा. गाडी उभी असताना वाफ त्यात अडकते. गाडी पळू लागली की इंजिन डब्यातून हवा ओढतं, कोळशातलं पेट्रोल त्या हवेबरोबर जातं आणि जळतं. म्हणजे डब्याला तीन तोंडं हवीत: एक टाकीकडे, एक इंजिनाकडे आणि एक उघडं, ताजी हवा घ्यायला. हे उघडं तोंड ‘गळतंय वाटतं’ म्हणून बंद करू नये.

गोंधळ होतो तो नळ्यांमध्ये, कारण सगळ्याच काळ्या आणि बारीक. झाकणाच्या खोबणीत साचलेलं पावसाचं पाणी खाली सोडणारी एक नळी बऱ्याच मोटरसायकलींना असते. ती डब्याला जोडली तर पहिल्याच पावसात कोळसा भिजणार. कार्बोरेटरच्या वाटीची नळीही तशीच खाली लोंबते, तिलाही मोकळं सोडायचं. वाफेची नळी टाकीच्या वरच्या भागातून निघते. तिथे बोट ठेवून शेवटपर्यंत माग काढावा, अंदाजाने नको.

इंजिनाकडच्या नळीची जागा फार नेमकी असते. बऱ्याच रचनांत तिचं भोक थ्रॉटलच्या झडपेच्या कडेशी ठेवलेलं असतं, म्हणजे आयडलिंगला ओढ जवळजवळ नाही आणि रेस दिली की ओढ सुरू. काही गाड्यांत हेच काम मधला छोटा व्हॉल्व करतो. नळी कायम ओढ असलेल्या तोंडावर चढवली तर आयडलिंग बिघडतं. इंजिनाकडचं तोंड नुसतं उघडं राहिलं तर जास्तीची हवा आत जाते, रेस वरखाली होते. इंजिन सुरू ठेवून, नळी काढून तिच्या टोकावर बोट धरलं की ओढ कळते. हे उघड्यावर करावं, बिडी-सिगारेट लांब ठेवून.

काही गॅरेजांत ‘डब्याची कटकट नको’ म्हणून डबा काढतात आणि टाकीची नळी बोळा घालून बंद करतात. झाकणाला स्वतःचं भोक नसेल तर टाकीत हवा जायला वाट उरत नाही. गाडी थोडं अंतर जाऊन बंद पडते, झाकण उघडलं की ‘फुस्स’ होतं आणि पुन्हा चालू. मग उगाच कार्बोरेटर साफ करण्याचं बिल लागतं. टाकीची नळी थेट इंजिनाला जोडणं त्याहून वाईट: वाफ अनावर आत जाते आणि प्लग काळा पडतो.

कडक झालेली, तडकलेली नळी बदलताना पेट्रोलचीच घ्यावी. मत्स्यालयाची पारदर्शक नळी काही महिन्यांत लाकडासारखी होते. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरू नये, उन्हात पेट्रोल फुगतं आणि वाफेच्या वाटेने द्रवच डब्यात उतरतो.

प्रदूषण तपासणारा पीयूसीवाला नळी घालतो सायलेन्सरमध्ये. टाकीतून किती वाफ उडते ते त्याचं यंत्र मोजतच नाही, त्यामुळे डबा काढलेली गाडीही त्यात सहज पास होऊ शकते.