गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकला चकाकी आणताना

 आम्ही सगळ्याजणी कळंबच्या.

पुणे-नाशिक रस्त्यावरचं आमचं गाव. कुणाकडे शाळेच्या मुलांची व्हॅन, कुणाकडे नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणारी पिकअप, कुणाकडे हप्त्यावर घेतलेली जुनी कार. इंजिन ठणठणीत असतं, पण आतल्या दाराच्या पट्ट्या आणि गिअरभोवतीची चौकट ओरखडलेली, पांढुरकी पडलेली. नवा भाग महाग, म्हणून आम्ही रंगाचा स्प्रे आणला आणि मारला. पहिले काही दिवस काचेसारखं चकाकलं. नंतर नख लागलं तरी कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघायला लागले. चूक रंगाची नव्हती, आमच्या घाईची होती. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून आजचा हा विषय.

आधी प्लॅस्टिक ओळखा. भाग काढून मागची बाजू पाहा. तिथे बारीक अक्षरांत पीपी किंवा एबीएस असं कोरलेलं असतं. एबीएसवर रंग बऱ्यापैकी धरतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. लोणच्याच्या तेलकट बरणीवर कागद चिकटत नाही, तसा त्यावर रंग टिकत नाही. त्यासाठी प्लॅस्टिक प्रायमर लागतो; दुकानदार त्याला अ‍ॅढिजन प्रमोटर म्हणतात. अक्षरं सापडली नाहीत तर पीपीच आहे असं धरून चाला.

मग धुणं. वर्षानुवर्षं मारलेलं डॅशबोर्ड पॉलिश हा रंगाचा मोठा शत्रू. त्यातलं सिलिकॉन राहिलं तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. भांड्यांच्या साबणानं दोनदा घासा, पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. त्यानंतर उघड्या हातानं शिवू नका, बोटांचंही तेल लागतं.

आता घासणं. प्लॅस्टिकवर दाणेदार नक्षी असते. ती तशीच ठेवली तर कितीही रंग मारा, चकाकी संत्र्याच्या सालीसारखीच दिसेल. ४०० नंबरच्या पेपरनं नक्षी उतरवा, पुन्हा पुसून घ्या. मग प्लॅस्टिक प्रायमरचा पातळ हात आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच त्यावर भरणारा प्रायमर. तो वाळला की पाणी लावून ८०० च्या पेपरनं गुळगुळीत करा. हात फिरवताना खडबडीत लागलं तर पुढे जाऊच नका.

रंग वीतभर अंतरावरून, हात सतत फिरता ठेवून मारा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ बरे. प्रत्येकामध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग क्लिअरचे दोन-तीन हात. खरी चकाकी क्लिअरचीच असते. निदान दोन-तीन दिवस भाग सावलीत राहू द्या. शेवटी २००० च्या पेपरनं पाण्यात हलकं घासून रबिंग कंपाउंडनं पॉलिश करा. सगळ्या भागांवर मारण्याआधी एका तुकड्याच्या मागे मारून बघा. वाळल्यावर ब्लेडनं फुलीसारखी चीर द्या, चिकटपट्टी दाबून ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर तयारीत खोट आहे.

पावसाळ्यात हे काम टाळा. हवेतल्या ओलीनं रंगावर पांढरी झाक येते. सकाळी, वारा सुटायच्या आत करा. रस्त्याची धूळ ओल्या रंगात बसली की पुन्हा घासणं आलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एअरबॅगचं झाकण, स्टिअरिंग आणि सीटबेल्टचं बक्कल रंगवू नका. एअरबॅग उघडताना ते झाकण ठरल्या जागीच फाटावं लागतं. डॅशबोर्डचा वरचा भागही चकचकीत करू नका. उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि रस्ता नीट दिसत नाही. कंपनी तो भाग मंद ठेवते, ते उगाच नाही.

आणि वाफ. ओढणी किंवा साधा कापडी मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. त्यासाठी गाळणीचे डबे लावलेला मास्क लागतो. काम उघड्या पडवीत करा, चूल आणि गॅस दूर, पोरं आणि गरोदर बाई त्याहून दूर. हार्डनर मिसळायचं क्लिअर जास्त टिकतं, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. ते काम सोय असलेल्या पेंटिंगवाल्याकडेच द्या. घरी एकाच डब्यातलं क्लिअर पुरे.

मैत्रिणींनो, गाडी नीट दिसली तर विकताना दोन पैसे जास्त येतात, हे खरं. पण ती चालवणारा माणूस आणि रंग मारणारी बाई, दोघं धड राहिली तरच त्या पैशाला अर्थ. म्हणून पट्ट्या चमकवा, डॅशबोर्ड मंदच राहू द्या. भेटू पुढच्या भागात. रामराम.