आधी कच्ची वही दाखवा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, स्टोअरच्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही होती. पुठ्ठ्याला तेलाचे डाग, कडा दुमडलेल्या. मशिनिंगसाठी बाहेर जॉबवर्कला गेलेल्या प्रत्येक कास्टिंगची नोंद त्या वहीत असायची. डावीकडे ‘गेले’, उजवीकडे ‘आले’. ‘आले’च्या रकान्यात एकच आकडा कधीच नसे. शंभर नग गेले असतील, तर ९४ चांगले, ४ पुढे ‘सीआर’, २ पुढे ‘एमआर’. मशिनवर चढवल्यावर कास्टिंगच्या पोटात पोकळी निघाली तर दोष फाउंड्रीचा, म्हणजे सीआर. ते नग पुन्हा भट्टीत. जॉबवर्कवाल्यानं माप चुकवलं तर एमआर. त्याची रक्कम त्याच्या बिलातून कापायची. काही आकड्यांभोवती लाल गोल होता. दोष कुणाचा हे ठरेना, तेव्हा दोघांनी निम्मं निम्मं सोसलं, अशी ती खूण.

आम्ही त्या कारखान्याचं सॉफ्टवेअर केलं, तेव्हा ही वही आम्ही पाहिलेली नव्हती. ऑफिसात तीन मीटिंग झाल्या. मालकांनी सांगितलं, आम्ही लिहून घेतलं, चार चौकोनांची आकृती काढली: ऑर्डर, उत्पादन, जॉबवर्क, डिस्पॅच. त्यावर सही झाली. आमच्या प्रोग्रॅममध्ये शंभर नगांचं चलन शंभर नग परत आल्यावरच बंद व्हायचं. दुसरा महिना संपेपर्यंत उघड्या चलनांची यादी पानंच्या पानं वाढली. जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, हा जीएसटीचा नियम अकाउंटंटच्या डोक्यात पक्का. त्यामुळे त्यांचा तगादा सुरू झाला. मग स्टोअरमधल्या पोरांनी चलनं बंद करण्यासाठी सरळ शंभर आकडा भरायला सुरुवात केली. स्क्रीनवरचा साठा आणि जमिनीवरचा साठा यांची फारकत झाली.

शेवटी मी स्टोअरमध्ये जाऊन बसलो, तेव्हा स्टोअरकीपर मामांनी खण उघडला. मी विचारलं, ही आधी का नाही दाखवलीत? ते म्हणाले, “कुणी मागितलीच न्हाई साहेब. मग दावायची कुणाला?”

त्या वाक्यानं माझी कामाची रीत बदलली. क्लायंटला काय हवंय, या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा क्लायंटच्या मागणीत नसतं. ते त्याच्या आज चालू असलेल्या कामात असतं, आणि ते काम मॅनेजरच्या तोंडून जसं ऐकू येतं, तसं क्वचितच चालतं. आमच्या धंद्यात आहे त्या कामाच्या नोंदीला ‘अ‍ॅज-इज’ म्हणतात आणि पुढं हव्या असलेल्या कामाला ‘टू-बी’. वेळ कमी पडला की पहिली कात्री अ‍ॅज-इजवर चालते. ‘हे सगळं बदलणारच आहे, मग जुनं लिहून काय उपयोग?’ असं विचारलं जातं. माझ्या मते या धंद्यातली ही सगळ्यात महाग काटकसर आहे.

काम जसं चालतं तसं कागदावर उतरवण्याची विद्या सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानं १९२१ साली यांत्रिकी अभियंत्यांच्या संघटनेपुढं ‘प्रोसेस चार्ट’ मांडले. फ्रँक स्वतः गवंडीकाम शिकलेला. उमेदवारीतच त्याच्या लक्षात आलं, की गवंडी सावकाश काम करताना एका पद्धतीनं विटा लावतो, घाईत असताना दुसऱ्या, आणि नवशिक्याला शिकवताना तिसऱ्याच. मीटिंगमध्ये आपल्याला ऐकवली जाते ती बहुधा ही तिसरी पद्धत. सांगणारा खोटं बोलत नसतो. पाहुण्याला घर दाखवताना आवरून ठेवावं, तसं तो काम आवरून सांगतो.

सॉफ्टवेअरमध्ये १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी गरजा, आराखडा, कोड, चाचणी अशी पायऱ्यांची आकृती छापली. पुढं तीच ‘वॉटरफॉल’ नावानं गाजली. हा क्रम तेवढ्यावर सोडला तर धोका आहे, हे रॉइस यांनी त्याच लेखात बजावलं होतं. क्लायंटला मधे मधे सामील करून घ्या, असंही सांगितलं होतं. जगानं आकृती उचलली, इशारा मागे राहिला. १९८४ मध्ये गरजांचा दस्तऐवज कसा असावा याचं आयईईई ८३० हे मानक आलं, १९९० च्या दशकात इव्हार जेकबसन यांच्या ‘यूज केस’, म्हणजे वापरणारा प्रणालीकडून एखादं काम कसं करून घेतो याची वर्णनं, रुजल्या. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी ‘अ‍ॅजाइल’ या कार्यपद्धतीचा जाहीरनामा काढला. लठ्ठ दस्तऐवजापेक्षा चालतं सॉफ्टवेअर आम्हाला मोलाचं, असा त्याचा एक आशय. दस्तऐवजाला किंमत नाही असं मात्र त्यात कुठंही नाही. आपल्याकडं अनेक टीमनी त्याचा अर्थ ‘लिहायचं नाही’ असा घेतला, हे मी पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं.

चालू काम नीट न पाहिल्यानं केवढी किंमत मोजावी लागते, हे लंडननं पाहिलं. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथल्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेनं गाड्या पाठवण्याचं काम नव्या संगणकप्रणालीवर टाकलं. आधी फोनवरची माहिती कागदी फॉर्मवर लिहिली जाई आणि सरकत्या पट्ट्यावरून पुढं जाई. गाडी नेमणारी माणसं अनुभवानं आणि रेडिओवर बोलून निर्णय घेत. नेमलेली गाडी सोडून कर्मचाऱ्यांनी दुसरी घेतली, तरी त्यांना ते सांभाळून घेता येई. नव्या प्रणालीला मात्र प्रत्येक गाडी कुठं आहे याची बिनचूक माहिती सतत हवी होती. ती मिळेना. चुकीच्या नेमणुका वाढल्या, इशाऱ्यांचे संदेश साचत गेले, लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले. दुसऱ्याच दिवशी अर्धं काम पुन्हा हातावर आणावं लागलं. ४ नोव्हेंबरला प्रोग्रॅममधल्या एका चुकीनं सर्व्हरची मेमरी भरत जाऊन प्रणाली ठप्प झाली आणि सगळे कागदावर परतले. १९९३ च्या चौकशी अहवालात प्रोग्रॅममधल्या चुकांबरोबरच, गाडीवरच्या माणसांना आखणीत पुरेसं घेतलं नाही, याचीही नोंद आहे.

आपल्या मातीतलं उदाहरण याच्या उलट आहे, आणि ते कित्येक मराठी घरांच्या कपाटात आहे. मुंबई इलाख्यात आयसीएस अधिकारी अँडरसन यांनी महसुली हिशेबाची पुस्तिका तयार केली. गाव नमुना १ ते २१ अशी गावदप्तराची मांडणी त्यातली. नमुना ६ म्हणजे फेरफार, ८अ म्हणजे खातेदाराची खतावणी, नमुना ७ आणि १२ मिळून सातबारा. कोणता रकाना कोणी भरायचा, कशावरून भरायचा, त्याची तपासणी कोणी करायची, हे सगळं त्यात येतं. फेरफार तलाठ्यानं लिहायचा, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, मग मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित करायचा. याहून चांगलं प्रोसेस डॉक्युमेंट मी क्वचित वाचलं आहे. तरीही सातबारा संगणकावर चढला तेव्हा हस्तलिखिताशी तफावती निघाल्याच. त्या शोधायला गावोगाव चावडी वाचन झालं: उतारा मोठ्यानं वाचायचा, ज्याची जमीन त्यानं ऐकायचं, चूक असेल तर उठून सांगायचं.

आता मीटिंगचं रेकॉर्डिंग होतं आणि एआय दोन मिनिटांत त्याचा सारांश हातात देतं. हे साधन मीही वापरतो, वेळ वाचतो. पण ते बोललेलंच टिपतं. खणातली वही मीटिंगमध्ये बोलत नाही.

म्हणून मी आता ‘तुमची प्रोसेस सांगा’ असं विचारत नाही. ‘कालची शेवटची तीन चलनं काढा’ असं म्हणतो आणि प्रत्येक कागदाच्या मागं मागं जातो. हे कधी चुकतं, चुकलं की कुणाला फोन करता, हे विचारतो. एक दिवस महिनाअखेरचा निवडतो, कारण पहिल्या आठवड्यातलं काम आणि तीस तारखेचं काम यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. शब्दांची यादी वेगळी करतो. त्याच फाउंड्रीत ‘डिस्पॅच’ म्हणजे उत्पादनवाल्यांसाठी माल शेडबाहेर पडणं होतं आणि अकाउंट्ससाठी बिल निघणं. मधले दोन दिवस कुणाच्याच हिशेबात नव्हते. कुणी ‘मला रिपोर्ट पाहिजे’ म्हणालं, की तो हातात आल्यावर तुम्ही काय करणार, हे विचारतो. अनेकदा रिपोर्टची गरजच उरत नाही, एखादा मेसेज पुरतो.

त्या कारखान्यात आम्ही चलनाची स्क्रीन नव्यानं लिहिली. चांगले, सीआर, एमआर असे तीन रकाने केले, आणि लाल गोलासाठी चौथा, मालकांच्या मंजुरीसह. या वेळी सही घेण्याआधी सगळा दस्तऐवज स्टोअरमध्ये उभं राहून मराठीत वाचून दाखवला. मामांनी दोन ठिकाणी थांबवलं. दोन्ही ठिकाणी त्यांचंच बरोबर होतं.

नव्या क्लायंटकडं निघालेल्या तरुण बिझनेस अ‍ॅनालिस्टना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये लॅपटॉप उघडू नका. स्टोअरमध्ये, काट्यावर, काउंटरच्या मागं एक खुर्ची मागून घ्या आणि तिथल्या माणसाची कच्ची वही मागा. आणि तुम्ही जे लिहाल, ते सहीला पाठवण्याआधी त्याच माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा.