आकाशातील कवायत

वायुदलाची नऊ विमाने बाणाचा आकार धरून डोक्यावरून जाऊ लागली, म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की, ताशी सहाशे-सातशे किलोमीटर वेगाने धावणारी ही विमाने एकमेकांवर आदळत कशी नाहीत? प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्यात वेगाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. आगगाडीच्या एकाच बाकावर बसलेले दोन प्रवासी, गाडी कितीही वेगाने गेली तरी एकमेकांवर आदळत नाहीत. कारण एकाच्या मानाने दुसऱ्याचा वेग शून्य असतो. विमानांचेही तसेच आहे. मात्र आगगाडीत दोघांना बाकाने धरून ठेवलेले असते. आकाशात असा बाक नाही. तो वैमानिकाला आपल्या हातांनी आणि डोळ्यांनी क्षणोक्षणी निर्माण करावा लागतो.

हे तो कसे साधतो ते पाहू. संघात एक नायक असतो व बाकीचे त्याचे अनुयायी. अनुयायाने पाहावयाचे कोठे? समोर नव्हे, खाली जमिनीकडे नव्हे, की आपल्या पुढ्यातील उंची व वेग सांगणाऱ्या तबकड्यांकडेही नव्हे. त्याची दृष्टी नायकाच्या विमानावर खिळलेली असते. त्या विमानाच्या अंगावरील दोन ठराविक खुणा, समजा पंखाचे टोक आणि धडावरील एखादे चिन्ह, एका रेषेत दिसत राहिल्या, म्हणजे आपण नेमक्या जागी आहो हे तो ओळखतो. रेषा किंचित मोडली की तिचा अर्थ लागलीच हाताला कळला पाहिजे. डावा हात इंजिनाच्या थ्रॉटलवर, उजवा स्टिकवर. दोन्ही सतत हलत असतात, पण इतके थोडे की विमान मात्र स्थिर दिसावे. शक्य तोवर सगळ्यांनी नायकाकडेच पाहावयाचे असते. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहून आपली जागा ठरविली, तर पहिल्याची वीतभर चूक शेवटच्यापर्यंत पोहोचेतो कितीतरी पटींनी वाढते.

आपल्याकडे लेझमीची लांब रांग वळताना पुष्कळांनी पाहिली असेल. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला धावावे लागते. विमानांच्या रांगेतही हेच घडते. वळणात बाहेरच्याला वेग वाढवावा लागतो, आतल्याला कमी करावा लागतो. आता नायकानेच जर आपल्या इंजिनाची सारी शक्ती खर्ची घातली, तर बाहेरच्याने अधिक शक्ती आणावी कोठून? म्हणून जाणता नायक काही शक्ती नेहमी राखून ठेवतो. ती त्याच्यासाठी नसते, मागच्यांसाठी असते. त्याचा हातही अत्यंत मऊ असावा लागतो. त्याने दिलेला लहानसा झटका मागे आठ जणांना भोगावा लागतो. १९५८ साली इंग्लंडातील फार्नबरो येथे रॉजर टॉप यांच्या नेतृत्वाखाली ‘ब्लॅक ॲरोज’ संघाच्या २२ हंटर विमानांनी एकत्र उभे वर्तुळ घेतले. एवढ्या विमानांचे असे वर्तुळ पुन्हा कोणी घेतलेले नाही. त्या विक्रमात मला खरे आश्चर्य वाटते ते नायकाच्या संयमाचे.

अशा वर्तुळाच्या तळाशी शरीराचे वजन चौपट किंवा त्याहून अधिक भासते. ७० किलोचा माणूस २८० किलोचा होतो, रक्त डोक्याकडून पायांकडे ओढले जाते आणि दृष्टी करडी पडू लागते. ते रोखण्यासाठी वैमानिक पाय व पोट आवळून धरणारा, हवेने फुगणारा पोशाख घालतात. अमेरिकन नौदलाचा १९४६ साली निघालेला ‘ब्लू एंजल्स’ संघ मात्र तो घालीत नाही. कारण ऐकण्यासारखे आहे. त्यांची विमाने कधीकधी अवघ्या १८ इंचांच्या अंतराने उडतात. हात मांडीवर टेकवून स्टिक धरलेली असताना पोशाख एकाएकी फुगला, तर हाताला धक्का बसेल. तेव्हा केवळ स्नायू आवळून ते रक्त वर राखतात. उड्डाणापूर्वी हे लोक टेबलाभोवती डोळे मिटून बसतात. नायक प्रत्येक आज्ञा प्रत्यक्ष उड्डाणात देईल त्याच सुरात, त्याच लयीत उच्चारतो आणि बाकीचे हवेतल्या हवेत नसलेली स्टिक ओढतात. तबला हाती घेण्याआधी बोलांची पढंत करावी, त्यातलाच हा प्रकार.

समोरासमोरून येऊन एकमेकांना ओलांडणाऱ्या विमानांची गोष्ट जरा निराळी. येथे आगगाडीच्या बाकाचा दाखला चालत नाही, कारण दोघांचे वेग मिळून ताशी बाराशे किलोमीटरांवर जातात. म्हणजे एक किलोमीटर अंतर तीन सेकंदांत संपते. मात्र प्रेक्षकांना ती विमाने एकमेकांतून आरपार गेल्यासारखी वाटतात, तशी ती जात नाहीत. इंग्लंडच्या ‘रेड ॲरोज’ संघात अशा वेळी सुमारे १०० फुटांचे अंतर राखतात. आपण बाजूने पाहतो म्हणून ते अंतर आपल्याला दिसत नाही.

प्रेक्षक जेथे श्वास रोखतो तेथेच सर्वांत मोठा धोका असतो असे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेच्या नेवाडा प्रांतात ‘थंडरबर्ड्स’ संघाची चार विमाने शेजारी-शेजारी राहून उभ्या वर्तुळाचा सराव करीत होती. वर्तुळाच्या उताराला लागल्यावर नायकाचे विमान वर उचलले गेले नाही. त्याची उंचीची सुकाणू-यंत्रणा अडकली होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. बाकीच्या तिघांची विमाने धडधाकट होती. पण त्यांचे डोळे नायकावर होते, जेथे असावयास हवे होते तेथेच. आणि चारही विमाने जवळजवळ एकाच क्षणी जमिनीवर आदळली. चौघेही गेले. त्या तिघांनी चूक केली असे कोणाला म्हणता येईल? जो विश्वास संघाला एकत्र ठेवतो, त्याचीच ही किंमत होती.

प्रेक्षकांनाही किंमत द्यावी लागली आहे. २८ ऑगस्ट १९८८ रोजी जर्मनीत रामश्टाईन येथे इटलीच्या संघाची तीन विमाने हृदयाची आकृती रेखताना एकमेकांवर आदळली. ३ वैमानिक आणि ६७ प्रेक्षक प्राणास मुकले. त्यानंतर युरोपात गर्दी आणि विमाने यांच्यामधील अंतराचे नियम कडक झाले.

आपल्या वायुदलाचा ‘सूर्यकिरण’ संघ १९९६ साली मराठवाड्याच्या सीमेलगतच्या बीदर येथे उभा राहिला. प्रथम सहा, पुढे नऊ ‘किरण’ विमाने; २०११ साली ती शिक्षणाच्या कामी लागली व संघ थांबला, तो २०१५ साली ‘हॉक’ विमाने घेऊन पुन्हा उडू लागला. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरजवळ येलहंका येथे सराव करताना त्याची दोन विमाने एकमेकांवर आदळली. एक वैमानिक मृत्यू पावला, दोघे बाहेर झेपावून वाचले.

मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. तरुणांना वायुदलाकडे ओढणे हा हेतू उघड आहे, आणि तो लपविण्याचे कारणही नाही. पण उडत्या टँकर विमानाच्या नळीतून इंधन भरून घेणाऱ्या लढाऊ वैमानिकाला हीच विद्या लागते. दुसऱ्या विमानापासून काही फुटांवर, रात्रीसुद्धा, कित्येक मिनिटे स्थिर राहावे लागते. आणि तेथे टाळ्या वाजवावयास कोणी नसते.

असा खेळ पाहण्याचा योग आला, तर आघाडीच्या विमानाकडे पाहत राहू नका. वळण सुरू झाले की बाहेरच्या टोकाचे विमान पाहा. इंजिनाच्या तप्त झोतात डिझेल सोडून केलेला धूर त्याच्या मागे रेघ ओढीत असतो. ती रेघ शेजारच्या रेघेपासून वळणभर सारख्याच अंतरावर राहिली, तर त्या वैमानिकाचे हात त्या अवधीत क्षणभरही थांबलेले नाहीत असे समजावे.