बाण बारीक हवा, पण हलका किती?

अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनला जगज्जेतेपद मिळवलं ते कंपाउंड धनुष्यावर. त्याला कप्प्या, भिंग, दोरी सोडायची कळ असं सगळं असतं. बेअरबो या साध्या धनुष्याला यातलं काहीच नसतं. बंदुकीला माशी असते, तसं इथे बाणाचं टोकच नेमाला धरायचं. त्यामुळे बाण निवडताना तिरंदाज नेम धरायचं साधनही निवडत असतो. बाजारात कार्बनच्या बाणांना ‘बारीक आणि हलका’ ही विशेषणं जोडीनं चिकटवलेली असतात आणि नवशिका त्यांना एकच गुण समजून पैसे मोजतो. माझ्या मते हे दोन वेगळे गुण आहेत. मैदानावर बारीकपणा जवळजवळ नेहमीच फायद्याचा. हलकेपणा मात्र गरजेपुरताच घ्यावा.

हलक्या बाणाची बाजू आधी मांडू, कारण ती लंगडी नाही. बेअरबोत मैदानी स्पर्धेचं अंतर ५० मीटर आणि लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर. हवेचा अडथळा सोडून दिला, तर सेकंदाला ५५ मीटर वेगाचा बाण तिथवर जाईतो सुमारे चार मीटर खाली येतो, ६० मीटर वेगाचा साधारण ३.४ मीटर. हा फरक लक्ष्याच्या निम्म्या व्यासापेक्षा जास्त आहे. टोक थेट लक्ष्याच्या पिवळ्या मध्यावर ठेवून नेम लागतो ते अंतर चाळीस मीटरच असेल, तर पन्नासला तिरंदाजाला लक्ष्याच्या वर, मोकळ्या हवेत नेम धरावा लागतो. तीस-बत्तीस पाउंडांचं धनुष्य ओढणाऱ्याची ही अडचण हलका बाण खरोखर सोडवतो. पण चाळीस पाउंडवाल्याचं ते अंतर आधीच पन्नासच्या आसपास असतं. त्यानं आणखी हलका बाण घेतला, तर जवळच्या लक्ष्यांसाठी त्याला दोरीवर बोटं जास्तच खाली सरकवावी लागतात. मग धनुष्याची दोन टोकं असमान ताणली जातात, आवाज वाढतो आणि बाण डुलत निघतो.

शिवाय हलका बाण धनुष्यातली ऊर्जा कमी उचलतो. उरलेली धनुष्यालाच हादरवते. म्हणून पारंपरिक धनुष्यांसाठी पाउंडामागे किमान आठ ग्रेन वजनाचा बाण घ्यावा, असं बरेच कारागीर सांगतात. चाळीस पाउंडांना हे ३२० ग्रेन होतात, म्हणजे जेमतेम २१ ग्रॅम. वाऱ्याचं गणितही याच बाजूचं आहे. बारीक दांडीला हवा कमी अडवते आणि वजनदार बाण वेग टिकवून धरतो. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून गाजलेला ईस्टनचा एक्स-टेन बारीक आहे, पण सर्वांत हलका नाही. उलट त्याच्या निमुळत्या नळीत वजन मावावं म्हणून अनेक जण टंगस्टनचं टोक बसवतात. सत्तर मीटरवर तिरंदाजी करणाऱ्यांनी वजन मुद्दाम वाढवावं, यातच उत्तर आलं.

‘जाड बाण रेषेला शिवतो, गुण वाढतो’ हा आक्षेप अठरा मीटरच्या बंदिस्त हॉलमध्ये रास्त आहे. नियमानं दांडी ९.३ मिलिमीटरपर्यंत चालते. पण साडेपाच मिलिमीटरच्या दांडीशी तुलना केली, तर रेषेकडचा फायदा दोन मिलिमीटरही भरत नाही. मैदानावर वाऱ्याची एक झुळूक त्याच्या कितीतरी पट घेऊन जाते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: टोक जड केलं की दांडी जास्त वाकते. हे खरंच आहे. २८ इंचांच्या अंतरावर टेकवलेल्या दांडीच्या मध्यावर ८८० ग्रॅम लटकवल्यावर ती अर्धा इंच झुकली, तर तिचा स्पाइन, म्हणजे वाकण्याचा आकडा, ५००. सुटताना बाण धनुष्याला वळसा घालून जातो, त्यामुळे हे वाकणं जुळलं नाही तर बारीकपणा आणि वजन दोन्ही वाया. लाकडी बाणच सक्तीचे असलेल्या लाँगबो गटात कार्बनचा प्रश्न येत नाही. बाकीच्यांनी डझन घेण्याआधी दोन-तीन कोऱ्या दांड्या आणाव्यात, कापण्याची घाई करू नये आणि १०० ते १४० ग्रेनची टोकं आलटून पालटून लावून पाहावीत. दांडी कापली की ती ताठर होते, आणि टोक डोळ्याच्या रेषेपासून खाली गेल्यानं नेमाचं अंतरही लांबतं. कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.