ओला कोळसा वीजनिर्मिती का अडवतो? उत्तर ‘कोल मिल’मध्ये

चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक वीज केंद्रांत कोळसा थेट जाळला जात नाही. आधी ‘कोल मिल’मध्ये तो दळून पिठासारखा केला जातो. साधारण ७० टक्के कण ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक असावे लागतात. जाड कण अर्धवट जळून राखेत जातात.

गरम हवेची दोन कामे
मिलमध्ये सोडलेली गरम हवा कोळसा वाळवते आणि भुकटी बॉयलरपर्यंत वाहून नेते. पावसाळ्यात कोळसा ओला असला की मिलमधील तापमान घसरते, भुकटी चिकटते, मिल तुंबते. तापमान फार वाढले तर आतच आग लागण्याचा धोका. म्हणून गरम-थंड हवेचे प्रमाण सतत जुळवावे लागते.

अडचण कुठे?
फिरत्या मिलमध्ये नेमका किती कोळसा साठला आहे, हे थेट मोजणे अवघड. त्यामुळे मोटरचा करंट, हवेचा दाब आणि तापमान यांवरून गणिती मॉडेल आतल्या स्थितीचा अंदाज बांधते. तुंबण्याची चिन्हे लवकर कळली, तर कोळसा वेळीच कमी करता येतो.

आता महत्त्व का वाढले?
सूर्य मावळला की सौरवीज थांबते आणि मागणी मात्र वाढते. तेव्हा औष्णिक संचांना झपाट्याने निर्मिती वाढवावी लागते. पण वाढीव कोळसा दळून बॉयलरमध्ये पोहोचायला वेळ लागतो. चांगली नियंत्रण प्रणाली हा उशीर आधीच हिशेबात धरते. मिल तुंबून बंद पडली, तर ऐन मागणीच्या वेळी संचाची निर्मिती घटू शकते.