देऊळ नाही, फलक नाही, मग नव्या शहरात आलेले 'पेगन' आपली माणसं शोधतात कशी?

समजा, यॉर्कमध्ये राहणारी एक नर्स नोकरी बदलून लंडनला आली. ती ख्रिश्चन असती तर रविवारी जवळच्या चर्चमध्ये गेली असती. शीख असती तर गुरुद्वारा शोधला असता. मराठी असती तर १९३२ पासून सुरू असलेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ होतंच. पण ती 'पेगन' आहे आणि तिच्या धर्माला रस्त्यावरून दिसेल अशी इमारत जवळपास कुठेच नाही.

ब्रिटनमध्ये अशी माणसं थोडी असली, तरी नगण्य नाहीत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा लिहिला. आणखी १३ हजारांनी 'विक्का' लिहिलं. फक्त पेगन धरले तर साधारण आठशे माणसांमागे एक. म्हणजे तुमच्या बसथांब्यावरही एखादा असू शकतो, फक्त तो कोण हे कळायला मार्ग नाही.

पेगन म्हणजे नेमके कोण?

ख्रिस्ती धर्म येण्याआधी युरोपात जे देव, सण आणि निसर्गपूजा होती, त्यांच्यापासून प्रेरणा घेणाऱ्या अनेक पंथांचं हे एकत्र नाव आहे. विक्कामध्ये देवी आणि शिंगं असलेला देव अशी जोडी पुजतात. ड्रुइड लोक झाडं, नद्या आणि ऋतूंना पवित्र मानतात. हीदन मंडळी ओडिन, थॉर या उत्तरेकडच्या देवांना मानतात. हे पंथ आजच्या रूपात आले ते मात्र मुख्यतः विसाव्या शतकात. सगळ्यांना बांधणारा एकच ग्रंथ नाही आणि पोपसारखा प्रमुखही नाही. बरेच जण वर्षात आठ सण पाळतात. त्यातले चार सूर्याच्या अयन-विषुव दिवसांना येतात.

मग ही माणसं उघडपणे का दिसत नाहीत?

कारण लपून राहण्याची सवय जुनी आहे. ब्रिटनमधला १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी जेराल्ड गार्डनर यांचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आलं आणि विक्का लोकांसमोर आलं. कायदा गेला तरी संशय राहिला. १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कने बेटांवर 'सैतानी विधीं'च्या संशयावरून नऊ मुलांना घरांतून उचलून नेण्यात आलं. काही आठवड्यांत न्यायालयाने प्रकरण फेटाळलं आणि मुलं परत आली. त्या काळातल्या भीतीच्या लाटेत पेगनांकडेही बोट दाखवलं जाई. ज्यांच्या घरात लहान मुलं होती, त्यांनी गप्प राहणं पसंत केलं यात नवल नाही.

आज २०१० च्या समानता कायद्यानुसार धर्म किंवा श्रद्धेवरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. तरीही ऑफिसात 'मी विच आहे' असं सांगणं अनेकांना अवघड जातं.

पहिला दरवाजा: पबमधलं टेबल

या अडचणीवर ब्रिटिश पेगनांनी काढलेला तोडगा फार साधा आहे. त्याला म्हणतात 'मूट'. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सभा. महिन्यातला एक ठरलेला वार, एखाद्या पबची वरची खोली किंवा कोपऱ्यातलं टेबल आणि जे येतील ते. कधी कुणी औषधी वनस्पतींवर किंवा स्थानिक दंतकथांवर बोलतं, खोलीच्या भाड्यासाठी थोडी वर्गणी निघते आणि उरलेला वेळ गप्पा.

मूटमध्ये विधी होत नाही आणि दीक्षाही दिली जात नाही. म्हणूनच नवख्यासाठी ती सोयीची. विक्कन, ड्रुइड आणि अजून काहीच न ठरवलेला माणूस, तिघं एकाच टेबलावर बसू शकतात. जागा सार्वजनिक असते. पटलं नाही तर ग्लास संपवून निघता येतं. ही शेवटची सोय वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

मूटचा पत्ता मिळतो कुठून? १९७१ मध्ये स्थापन झालेल्या पेगन फेडरेशनचे विभागवार स्वयंसेवक असतात, ते जवळच्या भेटीगाठींची माहिती देतात. दुसरा जुना मार्ग म्हणजे पुस्तकांची दुकानं. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमजवळ १९२२ पासून चालणारं अटलांटिस बुकशॉप आहे आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ट्रेडवेल्स. इथे व्याख्यानं होतात आणि आलेल्या माणसांशी ओळख होते. संयोजकाला आधी दोन ओळी लिहून 'मी पहिल्यांदा येतेय, तुम्हाला ओळखू कशी?' असं विचारलेलं बरं. नाहीतर पबभर काळे कपडे घातलेली माणसं शोधत फिरावं लागेल आणि पेगन मंडळी बहुधा साध्या स्वेटरमध्येच बसलेली असतील.

सोशल मीडियावर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: तिथे न विचारता फोटो काढू नका, कुणाला टॅग करू नका. शेजारी बसलेल्या शिक्षकाने हे घरीही सांगितलेलं नसेल.

त्यानंतर उघडे विधी, मग बंद दार

मूटमध्ये ओळखी झाल्या की सणांच्या सामूहिक विधींची निमंत्रणं मिळू लागतात. बागेत किंवा माळरानावर गोल करून उभं राहायचं, चार दिशांना आवाहन, शेवटी पाव आणि पेय वाटून घ्यायचं. घटस्थापनेला पेरलेलं धान्य पाहत वाढलेल्या मराठी माणसाला यातलं ऋतुचक्र फार परकं वाटणार नाही. मोठी गर्दी पाहायची असेल तर उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाला स्टोनहेंज लोकांसाठी खुलं असतं. मात्र तिथे माणसं हजारोंनी भेटतात, मित्र क्वचितच.

सगळ्यात आत असतो 'कोव्हन', म्हणजे विक्कन लोकांचा छोटा, बंद गट. परंपरेने तेराच्या आसपास माणसं. तिथे थेट अर्ज चालत नाही. दीक्षेआधी 'एक वर्ष आणि एक दिवस' थांबण्याचा रिवाज आहे. ही वाट पाहणं दोन्ही बाजूंसाठी असतं: गट माणसाला पारखतो, माणूस गटाला.

धोका कुठे आहे?

नव्या शहरातला एकटा माणूस ज्या गटाने आधी मिठी मारली त्याचा होतो. पेगनांवर कुणाची देखरेख नाही, त्यामुळे कुणीही स्वतःला महागुरू म्हणवू शकतो. भोंदूबाबांच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला पुढचं सांगायला नको.

अमेरिकी ड्रुइड आयझॅक बोनविट्स यांनी १९७९ मध्येच गट जोखण्याची एक यादी बनवली होती. नेता किती हुकूम चालवतो? पैसे किती मागतो? लैंगिक दबाव आहे का? जुन्या मित्रांपासून तोडलं जातं का? सोडून जाणाऱ्याला अडवलं जातं का? प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज जितकी मोठी तितका धोका मोठा. त्यातला एक निकष विशेष आवडावा असा आहे: गटाची चेष्टा केली तर चालते का? गार्डनर यांच्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घेत नाहीत. त्यामुळे कुणी दीक्षेचा दर सांगितला तर उठून निघावं.

हीदन गटांबाबत आणखी एक प्रश्न आधीच विचारायला हवा. काही गट देवांना वंशाशी जोडतात आणि गोऱ्यांनाच आत घेतात. याविरोधात २०१६ मध्ये अनेक हीदन संघटनांनी 'डिक्लरेशन १२७' नावाचं जाहीर पत्रक काढून अशा एका अमेरिकी संघटनेशी संबंध तोडले. '१२७' हा 'हावामाल' या जुन्या नॉर्स काव्यातल्या कडव्याचा क्रमांक आहे. वाईट दिसलं तर ते वाईट आहे असं बोला, असा त्याचा आशय. लंडनमध्ये राहणाऱ्या सावळ्या कातडीच्या माणसाने 'तुमच्यात कोण येऊ शकतं?' असं सरळ विचारावं. उत्तर द्यायला लागलेला वेळही बरंच काही सांगतो.

आणि जवळ मूटच नसेल तर?

तर स्वतः सुरू करावी. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. बस किंवा ट्यूबने येता येईल असा शांत पब, महिन्याचा ठरलेला वार आणि आजूबाजूच्या मूटशी तारीख आदळू नये म्हणून त्यांच्या संयोजकांना एक निरोप. पहिले दोन-तीन महिने कुणीच आलं नाही, तर सोबत एक पुस्तक असू द्यावं.