मोटारीचे तेल आणि त्याची गाळणी

चेन्नई शहराचा मोटारीशी असलेला संबंध जुना आहे. येथील सिम्प्सन कंपनीत सॅम्युएल जॉन ग्रीन यांनी १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार बांधली. १९६१ साली वंडलूरच्या कारखान्यात ‘स्टँडर्ड हेरल्ड’ तयार होऊ लागली, आणि १९९८ साली इरुंगाट्टुकोट्टै येथून ह्युंदाईची ‘सँट्रो’ बाहेर पडली. अशा शहरात सुट्या भागांची मोठी बाजारपेठ उभी राहावी, हे स्वाभाविकच होय. जनरल पॅटर्स रोडवरील दुकानांत एकाच मोटारीसाठी निरनिराळ्या किमतींच्या तेलगाळण्या, म्हणजे ऑइल फिल्टर, मिळतात. आणि इंजिनाचे आयुष्य वाढविण्याचे आश्वासन देणाऱ्या द्रव्यांच्या बाटल्याही मिळतात. घरच्या घरी तेल बदलू इच्छिणाऱ्याने यांतून काय निवडावे?

त्यासाठी प्रथम तेलाचे कार्य लक्षात घेतले पाहिजे. इंजिनाचा भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, आपल्या बेअरिंगांत फिरत असतो तेव्हा धातू धातूला टेकत नाही. दोहोंमध्ये तेलाचा पातळ थर असतो. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर हा थर अवघा काही मायक्रॉन भरतो. धूळ, काजळी व धातूचा कीस यांचे कण या फटीत शिरले, की ते पृष्ठभाग खरवडू लागतात. हे कण अडविणे हे गाळणीचे काम होय.

आरंभीच्या मोटारींना अशी गाळणी नसे. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी ‘प्युरोलेटर’ नावाची गाळणी प्रचारात आणली. त्या काळच्या गाळण्यांतून तेलाचा काही अंशच जाई. पुढे सर्व तेल गाळणीतूनच बेअरिंगांकडे नेण्याची पद्धत रूढ झाली. आजची पत्र्याच्या डब्याची गाळणी बाहेरून साधी दिसते. तिच्या आत घड्या घातलेला विशेष कागद किंवा कृत्रिम धाग्यांचा थर असतो. अनेक गाळण्यांत रबरी पडद्याची एक झडप असते. इंजिन बंद असताना ती गाळणीतील तेल खाली उतरू देत नाही, म्हणून पुन्हा सुरू करताच तेलाचा दाब लवकर चढतो. दुसरी झडप याहून महत्त्वाची आहे. कागद तुंबला, तर ती उघडते आणि न गाळलेले तेल तसेच पुढे सोडते. कारण मळके तेल वाईट असले, तरी तेल मुळीच न मिळणे त्याहून घातक असते. याचा अर्थ असा, की तुंबलेली गाळणी कोणतीही सूचना देत नाही. मोटार पूर्वीसारखीच चालते आणि झीज मात्र वाढत जाते.

म्हणून गाळणी निवडताना केवळ तिचे आटे बसतात, एवढे पाहून भागत नाही. झडप किती दाबाला उघडते, हे बाहेरून दिसत नाही. मोटारीच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांक जुळवून, विश्वासाच्या दुकानातून, पावती घेऊनच गाळणी विकत घ्यावी. नकली मालाचे वेष्टन हुबेहूब असू शकते. आतील कागद मात्र निकृष्ट निघतो. जुनी गाळणी काढताना तिचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे पाहावे. नव्या कड्याला तेलाचा हात लावून, गाळणीवरील सूचनेइतकीच ती आवळावी.

आता बाटल्यांचा विचार करू. चेन्नईजवळील मणली येथे १९६९ साली सुरू झालेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात वंगणाचे मूळ तेलही तयार होत आले आहे. असे मूळ तेल तसेच मोटारीत घालीत नाहीत. मळ धुणारी, काजळी तरंगत ठेवणारी, झीज, गंज व फेस रोखणारी द्रव्ये त्यात मोजून मिसळतात. विकत घेतलेल्या तेलात ही सर्व द्रव्ये आधीच असतात. वरून आणखी काही ओतल्यास हे प्रमाण बिघडू शकते. झीज रोखणाऱ्या जस्तयुक्त द्रव्यात फॉस्फरस असतो. तो अधिक झाल्यास धुराची शुद्धी करणारा उत्प्रेरक निकामी होऊ लागतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘स्लिक ५०’ या द्रव्याच्या जाहिरातींवर कारवाई केली आणि १९९७ सालच्या समझोत्यात, पुराव्यावाचून असे दावे न करण्याचे बंधन घातले.

चेन्नईचा उन्हाळा कडक असल्याने जाड तेल बरे, असाही एक समज आढळतो. परंतु इंजिनाचे तापमान त्याची शीतक योजना राखते, आणि तेलाच्या नावातील दुसरा अंक १००° सेल्सिअसच्या जाडपणाशीच निगडित असतो. बाहेरची हवा ३०° असो वा ४०°, पुस्तिकेत सांगितलेला दर्जाच घ्यावा. तीत हवामानाचा तक्ता असेल, तर उष्ण प्रदेशाचा रकाना पाहावा. जवळच्या फेऱ्यांत मात्र तेल पुरेसे तापत नाही व त्यातील पाण्याचा अंश उडून जात नाही. अशी मोटार कमी किलोमीटर चालली, तरी ठरलेल्या महिन्यांनी तिचे तेल व गाळणी दोन्ही बदलावीत.

पुरात बुडालेली मोटार, जशी डिसेंबर २०१५ व डिसेंबर २०२३ मध्ये या शहरात अनेकांची झाली, पाणी ओसरताच सुरू करू नये. सिलिंडरमधील पाणी दबत नाही. त्यामुळे आतील दांडे वाकतात. तेल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे.

काढलेले तेल गटारात ओतू नये. २०२३ च्या त्याच पुरात मणली परिसरातून वाहिलेले तेल एण्णूरच्या खाडीत पसरले आणि कोळ्यांच्या होड्या व जाळी माखली. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात भरून, गाळणी निथळून, वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या सर्व्हिस केंद्राकडे द्यावे. तारीख व किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. गाळणी स्वतः काहीच सांगत नसल्याने, पुढची वेळ कळण्यास ही नोंदच उपयोगी पडते.